एका चौकटीत दोन गौराबाई

स्क्रीनवर लाल पट्टी आली. आई मुलीपेक्षा फक्त सात वर्षांनी मोठी आहे, तपासा, असं सॉफ्टवेअर म्हणत होतं. खाली दोन नावं होती. आई, गौराबाई सिद्रामप्पा शिरवळे. मुलगी, गंगा.

मी माउसवरचा हात काढून घेतला. आमचे देशमाने सर मागं उभे होते. ते म्हणाले, "पुढं घ्या मॅडम. असल्या पट्ट्या येतच असतात."

येत होत्या हे खरंच होतं. सगळा घोळ तिथंच झाला.

सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. लोकांच्या वंशावळी आम्ही कॉम्प्युटरवर घेतो आणि मोठा चार्ट छापून देतो. सर गिऱ्हाईक आणतात, डेटा मी बघते. या धंद्यात वंशावळीच्या फाईलला गेडकॉम म्हणतात. नाव भारी आहे, पण आत साधी टेक्स्ट फाईल असते. प्रत्येक माणसाला एक नंबर, प्रत्येक लग्नाला एक नंबर, आणि कोण कुणाच्या पोटचं एवढंच त्यात लिहिलेलं असतं. एका घराण्याच्या दोन शाखांनी दोन वेगवेगळ्या फाईली केल्या असतील तर एक दुसरीत घालायची. त्याला इम्पोर्ट म्हणतात. मग दोन्हीकडं असलेली तीच माणसं एकावर एक बसवायची. त्याला मर्ज म्हणतात. सॉफ्टवेअर डावीकडं एक माणूस दाखवतं, उजवीकडं एक, आणि विचारतं की हे दोघं एकच का? आपण हो म्हटलं की दोघांचा एक होतो. एवढंच काम. पण ते एकेक करून, डोळे उघडे ठेवून करायचं असतं.

शिरवळे म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असलेलं घर. आमचं गिऱ्हाईक होते बसवराज शिरवळे. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांची आई आदल्या वर्षी वारली होती. तिच्या नावानं त्यांनी सगळ्या घराण्याचं संमेलन ठरवलं होतं, आणि त्या दिवशी मंगल कार्यालयाच्या भिंतीवर अख्ख्या घराण्याचा चार्ट लावायचा होता. सोलापूरच्या शाखेची माहिती आण्णांनी स्वतः बसून आम्हाला सांगितली. कलबुर्गीच्या शाखेची फाईल त्यांच्या चुलतचुलत्याकडं तयारच होती. हे शरणप्पा काका बँकेतून रिटायर झालेले, हौसेनं घरी बसून वंशावळ करणारे. त्यांनी मेल केली. माझं काम एवढंच, की त्या दोन फाईलींची एक करायची.

आता लाल पट्ट्यांचं सांगते. हे सॉफ्टवेअर परदेशात बनलेलं आहे. आपल्याकडच्या रीती त्याला ठाऊक नाहीत. आमच्या भागात मामानं भाचीशी लग्न करणं ही चांगली सोयरीक समजतात. सॉफ्टवेअरला ते दिसलं की लगेच लाल पट्टी. नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, त्यामुळं सिद्रामप्पा मल्लप्पा, मल्लप्पा सिद्रामप्पा असे पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येतात. त्यावर पुन्हा लाल पट्टी. पहिल्या दिवशी आण्णा ऑफिसात बघायला आले होते. सॉफ्टवेअर किती फास्ट आहे हे दाखवायची सरांना हौस आली. त्यांनी ऑटो-मर्जचं बटण दाबलं. म्हणजे एकेक न विचारता, जे जे सारखं वाटेल ते ते सगळं एका दमात मर्ज. त्यात एक मल्लप्पा स्वतःचाच आजोबा झाला. आण्णा पोट धरून हसले.

"मॅडम, याला काय कळतंय आमच्यातलं," ते म्हणाले. "मामा-भाचीच्या लग्नाला चूक म्हणतंय की हे. लाल दिसलं की सरळ पुढं जावा."

सगळ्यांचं तेच ठरलं. लाल दिसलं की पुढं. मल्लप्पाला मी नीट सोडवून जागेवर बसवला, भाच्यांच्या लग्नांना हिरवा कंदील दिला, आणि तसंच एकेक निस्तरत गौराबाईपाशी आले. ही पट्टी मात्र रीतीची नव्हती. सातव्या वर्षी बाळंत व्हायची रीत कुठल्याच घराण्यात नसते.

मी मर्ज उलगडून दोन्ही बाजू बघितल्या. सोलापूरच्या फाईलीत गौराबाई, माहेरचं नाव शांता, मुलं बसवराज, बाकीची भावंडं आणि सगळ्यात थोरली गंगा. ही गौराबाई म्हणजे आण्णांची वारलेली आई. तिचं जन्मसाल आण्णांनी सांगितलं होतं, गंगाचं सांगितलं नव्हतं. कलबुर्गीच्या फाईलीतही गौराबाई, नवराही तोच सिद्रामप्पा. पण माहेरचं नाव निंगव्वा, आणि मूल एकच, गंगा. तिथं गंगाचं जन्मसाल होतं. नाव तेच, नवरा तोच, मुलगी तीच, म्हणून मशिननं दोघींची एक केली. एकीचं जन्मसाल आणि दुसरीच्या मुलीचं जन्मसाल शेजारी आलं आणि पट्टी पेटली.

मी सरांना म्हटलं, "सर, या दोन बायका आहेत."

"एका नवऱ्याच्या, एकाच नावाच्या?"

"असू शकतात की."

असू शकतात हे मला चांगलंच माहीत होतं. माझं माहेरचं नाव संध्या. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात अन्नपूर्णा लिहिलं, आणि मी अन्नपूर्णा झाले. मला कुणी विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडं थोरल्या सुनेचं नाव अन्नपूर्णाच असतं. सासूबाईही अन्नपूर्णाच होत्या. अशा घरांमध्ये नाव हे बाईचं नसतं, जागेचं असतं. जो बाक रिकामा असेल त्यावर जी येऊन बसेल तिचं ते नाव. शिरवळ्यांच्यात थोरल्या सुनेचं नाव गौराबाई ठेवत असतील तर दुसरी आली की तीही गौराबाईच होणार.

पण असं माझ्या मनानं ठरवून चालत नाही. जिवंत माणूस असेल तर त्यालाच विचारायचं, हा माझा नियम. गंगा जिवंत होती. शुक्रवार पेठेत नातवाकडं राहत होती. नातवाला फोन केला तर तो म्हणाला, "आज्जीला फोनवर ऐकू येत नाही मॅडम. घरीच या."

गाडी काढली आणि गेले. गल्ली अरुंद, घर छोटं, दारात चटईवर बसून म्हातारी शेंगा फोडत होती. ऐंशी तरी ओलांडलेली, काटक, नजर धारदार. सगळे तिला गंगक्का म्हणत. मी जवळ बसून मोठ्यानं सांगितलं, की तुमच्या घराण्याचा तक्ता करतोय, तुमच्या आईचं नाव विचारायला आले.

तिचे हात थांबले. "कुन्या आईचं?"

"तुमच्या. गौराबाई ना?"

"गौराबाई दोन हाईत," ती म्हणाली. "तुमाला कुटली पायजे?"

मग तिनं सांगितलं. रडली नाही. आवाजही चढवला नाही. शेंगा फोडत फोडतच सांगितलं.

"माजी अव्वा निंगव्वा. हद्दीपल्याडच्या गावची, कानडी मुलखातली. हितं सून म्हनून आली तर गौराबाई केली तिला. मी झाले. मग दुसरं काय होईना. मी पाच-सा वर्साची हुते तवा तिला म्हायेरी धाडली. चार दिस जाऊन ये म्हनले. मला हितंच ठिवून घेतली. मग न्यायला कोन गेलंच न्हाय."

"आणि?"

"आनि काय. दुसरी केली. तिला बी गौराबाई केली. माज्या अव्वाचं नाव बी काढून घेतलं की वो. तितं म्हायेरात ती परत निंगव्वा झाली. लोकाच्या रानात खुरपत ऱ्हायली जलमभर."

"त्यांनी काही केलं नाही? भांडल्या नाहीत?"

"कुनासंगं भांडंल? माज्या लग्नात आलती. मांडवाच्या भाईर, बैलगाड्या सोडल्या होत्या तितं उभी हुती. आत ये म्हनून कुनी म्हनलं न्हाय. मीच गेले पाया पडाय. माज्या हातात तिनं बांगड्या घातल्या, हिरव्या, आनि गेली. मरूस्तवर कुंकू लावत हुती नवऱ्याच्या नावाचं. आमच्या हितं मातूर सगळ्यास्नी सांगितलं, बाळंतपनात मेली."

मी विचारलं, "धाकट्या गौराबाईंनी तुम्हाला सांभाळलं ना?"

"व्हय. खोटं कशाला बोलू? खायाला घातलं, लगीन लावून दिलं. बसू माजा भाऊच हाय, कवा दुजाभाव केला न्हाय त्यानं. पन ती माजी आई न्हवं." तिनं सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या. "बाई, त्या तक्त्यात डबे असत्यात न्हवं? एक डबा माज्या अव्वाला द्या. ल्हान असला तरी चालंल. कोपऱ्यात असला तरी चालंल. माज्या डब्यापासनं तिच्यापातुर एक रेघ तेवढी वडा."

मी म्हटलं, "लहान कशाला, सारखाच देते." आणि खरंच दिला. ऑफिसात परत येऊन दोन्ही गौराबाई वेगळ्या केल्या. सिद्रामप्पांना दोन लग्नं लावली. पहिली, गौराबाई, माहेरची निंगव्वा. तिच्याखाली गंगा. दुसरी, गौराबाई, माहेरची शांता. तिच्याखाली बसवराज आणि बाकीचे. लाल पट्टी आपोआप गेली. सॉफ्टवेअरमध्ये सगळं जागच्या जागी बसलं की फार बरं वाटतं. मला वाटलं, काम झालं.

प्रूफ घेऊन मी आणि सर कारखान्यात गेलो. मागं लूमची खटखट चालू होती, आण्णांच्या केबिनची काच हादरत होती. आण्णांनी चहा मागवला, चष्मा लावला, आणि बोट फिरवत वरून खाली आले. बोट थांबलं.

"ही कोण वरची?"

"आण्णा, तुमच्या वडिलांची पहिली पत्नी. गंगक्कांच्या आई."

"कुणी सांगितलं?"

"कलबुर्गीच्या फाईलीत आहे. आणि मी स्वतः गंगक्कांना भेटून आले."

आण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ते ओरडले नाहीत, आणि ते जास्त अवघड झालं.

"मॅडम, माझी आई जाऊन अजून पुरतं वर्ष झालं नाही. जलमभर या घरची थोरली सून म्हणून वावरली ती. सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत पहिला मान तिचा. तिच्याच नावानं मी हे सगळं करायलोय. आणि त्याच दिवशी तिला दुसरेपणाची म्हणून भिंतीवर लावू?"

"दुसरेपणाची असणं यात त्यांची काय चूक, आण्णा?"

"चूक नाही की. म्हणूनच म्हणतोय, तिला कशाला शिक्षा."

"मग पहिलीची काय चूक होती?"

सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. आण्णांनी ते बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

"अक्काला माझ्या आईनंच वाढवलं. अक्काची आई तीच. दोघींचं नाव गौराबाईच हाय न्हवं? मग एकच डबा ठेवा. यात खोटं कुठं हाय?"

 खोटं खरंच कुठं नव्हतं. नाव बरोबर, नवरा बरोबर, मुलगी बरोबर. त्या घरानं ती सोय कितीतरी वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. बाई बदलली तरी पाटी बदलायची नाही. मशिनची चूक झाली असं मी म्हणत होते, पण घरानं आधीच मर्ज करून ठेवलेलं मशिननं फक्त ओळखलं होतं.

मी म्हटलं, "आण्णा, परत एक केलं की लाल पट्टी येणार. आई सात वर्षांची दिसणार. चार्टवर जन्मसालं छापतोय आपण. कुणीतरी वजाबाकी करेलच."

"मग अक्काचं साल बदला."

"ते नाही करणार मी."

पहिल्यांदाच मी गिऱ्हाईकाला नाही म्हटलं असेल. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण देशमाने सर धंद्यात मुरलेले. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि मधाळ आवाजात म्हणाले, "आण्णा, साल बदलायचं कशाला? बायकांची जन्मसालंच छापायची नाहीत. सगळ्याच बायकांची. बायकांचं वय विचारू नये म्हणतात ना, तसंच. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

आण्णा हसले. चहा आला.

ते सेटिंग सॉफ्टवेअरमध्ये खरंच आहे. एक टिक करायची, की स्त्री म्हणून नोंद असलेल्या सगळ्यांची जन्मसालं चार्टवरून गायब. पुरुषांची राहतात. एका निंगव्वाला झाकायला त्या घराण्यात जन्मलेल्या आणि लग्न करून आलेल्या सगळ्या बायकांची सालं पुसली. पणज्या, आज्या, लेकी, सुना, परवा जन्मलेल्या पोरीसुद्धा. मर्जचं बटण मी दाबलं नाही. सरांनी दाबलं. मी उठून पाणी प्यायला गेले, आणि आले तेव्हा दोघींची एक झालेली होती. मला अजून त्याचा राग येतो, आणि कुणाचा येतो हे नक्की सांगता येत नाही. मीही पगार घेतेच की त्यांचा.

संमेलन अक्कलकोट रोडच्या कार्यालयात झालं. बाहेर चपलांचा ढीग, आत शेंगाच्या पोळ्यांचा वास. भिंतभर चार्ट लावला होता, पुरुषांना निळे डबे, बायकांना गुलाबी. लोक आपापलं नाव शोधत होते, सापडलं की त्याच्यासमोर फोटो काढत होते. एक नवी सून नवऱ्याला म्हणाली, "बरं झालं बाई, आमची वयं नाही घातली." आजूबाजूचे हसले. सर माझ्याकडं बघून भुवया उडवत होते.

मधोमध सिद्रामप्पांचा डबा, त्याच्या शेजारी गौराबाईंचा. त्यात आण्णांच्या आईचा फोटो, हार घातलेला. निंगव्वाचा फोटो कुणाकडंच नव्हता.

गंगक्काला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. नवं लुगडं, कपाळभर कुंकू. मला बघितल्यावर तिनं हात हलवून बोलावलं. मी जाणार नव्हते. पण गेले. तिनं माझा हात धरला आणि चार्टपाशी आली. तिला वाचता येत नव्हतं.

"माजा डबा दावा."

मी दाखवला.

"आनि अव्वाचा?"

मी तिचा हात सोडला. तिनंच आपल्या डब्यावरून वर जाणाऱ्या रेघेवर बोट ठेवलं आणि सावकाश वर नेलं. बोट फोटोपाशी पोचलं. तिनं फोटो नीट बघितला.

"ह्या त्या दुसऱ्या हाईत," ती म्हणाली.

तेवढ्यात आण्णा आले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला, मी साक्षीदार आहे. "बघितलंस का अक्का? ही बघ आपली आई, गौराबाई. तिच्या पोटचे आपण सगळे."

गंगक्का त्यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बसू, मग मला बी काड हितनं."

"असं काय बोलतीस?"

"मी तिच्या पोटची न्हाय. माजी आई हितं न्हाय तर मी कुटनं आले? आबाळातनं पडले व्हय? काड माजा डबा."

 आण्णांचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "अक्का, छापून झालंय की गं आता." आणि तेवढ्यात त्यांना स्टेजवरून कुणीतरी हाक मारली.

आमच्या भाषेत ज्या माणसाला वर कुणीच जोडलेलं नसतं त्याला ऑर्फन रेकॉर्ड म्हणतात. अनाथ नोंद. मशिन तीही दाखवतं आणि जोडा म्हणतं. ही बाई ऐंशीच्या पुढं वय गेल्यावर सगळ्यांसमोर म्हणत होती, मला अनाथ करा, पण खोट्या ठिकाणी जोडू नका. इतक्या वर्षांत असली मागणी माझ्याकडं कुणी केली नव्हती, आणि तीही मला पुरी करता येत नव्हती.

मी तिला परत खुर्चीवर बसवलं. ती जरा वेळानं शांत झाली. मलाच समजावायला लागली. "जाऊ द्या बाई. तुमी तरी काय करनार. कलबुर्गीच्या शरणप्पाकडं तर हाय न्हवं तिचं नाव? त्याच्या बापानं माजी अव्वा बघितलेली हुती. बापाचं ऐकून शरणप्पानं लिवून ठिवलंय. तितं हाय तेवढं बास."

"आहे," मी म्हटलं. तेव्हा ते होतं. अजून होतं.

संमेलनानंतर काही दिवसांनी माझ्या मनात आलं, की कलबुर्गीच्या फाईलीतून गंगक्काला एक वेगळा छोटा चार्ट काढून द्यावा. फक्त निंगव्वा, सिद्रामप्पा, गंगक्का आणि तिची नातवंडं. साध्या कागदावर, माझ्या खर्चानं. घरात लावेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मूळ फाईल शोधली. नव्हती. मर्जच्या आधीचा बॅकअपही नव्हता.

सरांना विचारलं. ते म्हणाले, "काम डिलिव्हर झालं की क्लायंटचा डेटा आपण ठेवत नाही मॅडम. नियम आहे आपला."

नियम होता खरा. ऑफिस उघडल्यापासून होता. तो पाळलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

मेलमधून अटॅचमेंटही गेली होती. मी शरणप्पा काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, तुमची जुनी फाईल परत पाठवता का? आम्हाला पाठवलेली, पहिली."

"जुनी कशाला?" काका खुशीत होते. "संमेलनात बसवराजनं मला पेनड्राईव्ह दिला की. म्हणाला, ही आता फायनल, हीच सगळ्यांनी वापरायची. मी घरी येऊन लगेच टाकली. रिप्लेस करू का विचारलं, यस म्हटलं."

"म्हणजे तुमची पहिली…"

"गेली ती. बरंच झालं. त्यात काय काय चुका असतील. वडील सांगायचे तसं भरलेलं, आता मलाच धड आठवत नाही. मी आपला हौशी माणूस. तुमची तर ऑफिसची फाईल, प्रोफेशनल काम. तुमचं बरोबरच असणार."

मी फोन ठेवला. या वाक्यानं मला जितकं लागलं तितकं आण्णांच्या कुठल्याच बोलण्यानं लागलं नव्हतं. त्या माणसानं वडिलांकडून ऐकलेलं खरं जपलं होतं, आणि आमच्या ऑफिसचं नाव बघून स्वतःच्या हातानं पुसलं.

शुक्रवार पेठेत पुन्हा गेले. रिकाम्या हातानं. नुसत्या माझ्या आठवणीवर कागद छापला असता तर ती माझी नोंद झाली असती, घराण्याची नव्हे. गंगक्का त्याच चटईवर होती. खोटं सांगावं असं गल्लीत गाडी लावताना ठरवलं होतं. आहे, कलबुर्गीला आहे, एवढंच म्हणायचं आणि निघायचं. तिच्यासमोर बसल्यावर जमलं नाही. सांगून टाकलं, की तिथलंही गेलं.

तिनं दोनदा विचारलं, "शरणप्पाकडलं बी?" ऐकू आलं नसेल म्हणून मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं. शेजारच्या दारातली बाई वळून बघायला लागली.

गंगक्कानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "म्हंजी आता माज्याजवळ हाय तेवढीच. आनि तुमच्याजवळ."

"हो."

"माजं काय, पिकलं पान मी." तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. "तुमी तरन्या हाईसा. ध्येनात ठिवा. निंगव्वा. म्हना बघू."

शाळेतल्या मुलीसारखं मी म्हटलं, "निंगव्वा."

"आजूक एकदा."

"निंगव्वा."

तिनं मान हलवली आणि नातसुनेला चहा टाकायला सांगितलं.

आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवतात ते हे, की बॅकअप नेहमी दोन ठिकाणी असावा. निंगव्वाचा दोन ठिकाणी आहे. एक ठिकाण ऐंशीच्या पुढचं आहे. दुसऱ्याला बीपीची गोळी चालू आहे.

मी अजून त्याच ऑफिसात काम करते. लाल पट्टी आली की आता थांबते. सर म्हणतात, मॅडम हल्ली फार वेळ लावतात. गिऱ्हाईकांची गुप्तता हाही आमचा नियम आहे, म्हणून या लिखाणात मी सगळ्यांची नावं बदलली आहेत. घराण्याचं बदललं, आण्णांचं बदललं, सरांचं बदललं, गंगक्काचंही. माझं स्वतःचं तर बदललंच, त्याची मला सवय आहे.

निंगव्वाचं तेवढं बदललेलं नाही.